ओहू नकाशावर चढला

ती. फाइवा वन्संना तेआलोचा तळ्याकडून आणि समुद्राकडून, दोन्हीकडून नमस्कार.

तुमचं पत्र मागच्या बोटीने मिळालं. गुडघा धरतो असं लिहिलंत, म्हणून मी लगेच डॉक्टरी पुस्तक काढून बसले. (तेच, ज्याचा उपचारांचा अर्धा भाग वादळात उडून गेला आणि रोगांचा अर्धा माझ्याकडे राहिला. त्याच अर्ध्यावर मी वाचायला शिकले, त्यामुळे मला माणसाला काय काय होऊ शकतं ते सगळं माहीत आहे, पुढे काय करायचं ते माहीत नाही.) गुडघ्याचे जे रोग त्यात दिले आहेत त्यांतले बरेचसे तुम्हाला असावेत असं दिसतं. काळजी करू नका, बाकीच्या अर्ध्यात त्यांवर काहीतरी नक्कीच लिहिलेलं असणार. माझी प्रकृती ठीक आहे. डुकरिणीची माझ्याहून ठीक आहे. समुद्राकडच्या नीरफणसाला यंदा फळ चांगलं आहे, तळ्याकडचा रुसलेलाच आहे. ऑकलंडमध्ये इतकी वर्षं काढूनही तळ्याकडची बाजू कुठली ते कळत नाही असं तुम्ही लिहिता, ते वाचून वाईट वाटतं. तळंच नाही तर जेवताना तिथली माणसं ‘वाटी जरा तळ्याकडे सरकव’च्या जागी काय म्हणतात कोण जाणे.

आता बातमी. वन्सं, ओहू! ओहू, ओहू, ओहू! मला वेड लागलेलं नाही. तुमच्या भावाचं नाव उठलं! त्यांना मातीत ठेवलं त्या दिवसापासून जे झोपलं होतं, जे मी आत्तापर्यंत एकदाही ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते मी आता शाईने लिहिते आहे, आणि मघाशी विहिरीवर दोन बायका ते मोठ्याने म्हणत होत्या, तेही माझ्याशी नव्हे, आपापसात. ओहू जमीन झाला आहे! सरकारी नकाशावर चढला आहे! कसं झालं ते आता सांगते. खुर्ची ओढून बसा, पाय लांब करा (गुडघा).

मागच्या वादळाने प्रवाळाच्या बांधावरचे दगड उचलून खडकातल्या वाटेच्या तोंडाशी फेकले आणि तिथे एक नवं बेटुकलं तयार झालं, हे तुम्हाला कळलं असेलच. बेटुकलं कसलं, गोट्यांचा ढीग. सावली नाही, पाणी नाही, ओहोटीला मोठं होतं आणि भरतीला लाजतं. होड्यांच्या अगदी वाटेत. सगळे त्याला शिव्या देत होते, आणि ते कुणाचंही नाही म्हणून त्याला नावही नव्हतं. तेवढ्यात बोटीतून पेलसाहेब उतरले. नकाशा करायला सरकारने पाठवलेला माणूस, उन्हाने सोललेला, टोपी हनुवटीखाली दोरीने बांधलेली. फार सभ्य. त्यांच्याकडच्या जुन्या नकाशात आपल्या बेटाचं नाव ‘डॉसनचं बेट’ असं आहे. हा डॉसन म्हणजे कुणा एका कप्तानाचा सासरा. कप्तानाने आपल्याला लांबून पाहिलं, नाव ठेवलं आणि तो न थांबता निघून गेला. सासऱ्याला तरी ते कळलं होतं की नाही देव जाणे. साहेबांनी तावाके आजोबांना विचारलं, तुम्ही या बेटाला काय म्हणता? आजोबा म्हणाले, “जमीन.” साहेब म्हणाले, कुठली जमीन? आजोबांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे? आणखी कुठे आहे?”

मग बांधावरच्या नावांचं काम सुरू झालं. सोबत आपला सेफो होता, तुमच्या भावाचा जन्मभराचा मित्र, म्हणजे काम वेळेत संपण्याची आशाच नको. साहेबांनी एका खडकाकडे बोट दाखवलं. सेफो म्हणाला, “फेतूच्या मावशीने मडकं फोडलं ती जागा.” पुढचा खडक? “फेतूच्या मावशीला बोलणी बसली ती जागा.” साहेबांनी भीत भीत विचारलं, या दोन्हीला मिळून एकच नाव चालेल का? सेफोला धक्काच बसला. “साहेब, मडकं इथे फुटलं, बोलणी तिथे बसली. एक कसं चालेल? म्हातारी काय म्हणेल?” (म्हातारी आपल्या पणजीच्याही आधी गेली.) साहेबांच्या कागदावर खडक मावले, नावं मावेनात. शेवटी ते त्या नव्या ढिगापाशी आले. याला काय म्हणता? सेफो गप्प बसला. सेफो गप्प बसलेला मी दोनदाच पाहिला आहे, आणि पहिल्या वेळेचं तुम्हाला सांगायला नको.

संध्याकाळी सभा भरली. तावाके आजोबांनी जुना नियम सांगितला. नव्या जमिनीवर जो जाऊन, तिथेच विस्तव पेटवून, तिथेच रांधून दुसऱ्या घरच्या माणसाला जेवू घालील, त्याने नाव द्यायचं. दुसऱ्याच्या पोटात घास गेला की जमीन लागली. पाद्रीबाबा एलियू लगेच उठले आणि त्यांनी आपल्या ग्रंथातल्या देवाच्या डोंगरावरून ‘नवा सिनाय’ असं नाव सुचवलं. दुकानवाली निमेता उठली आणि म्हणाली, “मी ‘निमेता’ ठेवणार.” कुणी विचारलं, का गं? तर म्हणे, “येणाऱ्या बोटींना लांबूनच कळेल दुकान कुठे आहे.” मग मी उठले. वन्सं, मी कशासाठी उठले ते सगळ्यांना कळलं होतं आणि कुणालाच म्हणता येत नव्हतं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव तीनच ठिकाणी उठतं, मुलात, होडीत नाहीतर जमिनीत. मूल आम्हाला झालं नाही. होडीला तिचं स्वतःचं नाव आहे. जमीन देव रोज थोडीच करतो!

निमेता म्हणाली, “तेआलो, तुझ्या होडीला भोकं किती, आणि तू निघालीस कुठे?”

मी म्हटलं, “भोकं आहेत म्हणूनच निघाले. तुम्हाला तो शब्द परत नको आहे का?”

हे मी मुद्दाम म्हटलं. तुमच्या आईला होडीत कळा आल्या तेव्हा तिच्या हातात पाणी उपसायचं लाकडी भांडं होतं, त्याला ओहू म्हणत, म्हणून पोराचंही नाव ओहू पडलं, हा प्रेमळ विचार झाला. पण त्यामुळे ओहू गेले तेव्हा त्यांच्या नावाबरोबर त्या भांड्याचं नावही झोपलं, आणि या बेटावरच्या झाडून सगळ्या होड्या गळक्या आहेत. तेव्हापासून माणसं बुडता बुडता ‘अरे ते, पाण्याला बाहेर घालवणारं, मुठीचं, लाकडाचं’ असं ओरडत होती. निमेताच्या भावाची होडी तर असं वर्णन चालू असतानाच गेली. तो पोहून आला, पण वाक्य अर्धंच राहिलं. तेव्हा माझं म्हणणं निमेतालाही लागलं, नुसतं टोचलं नाही. ती खाली बसली. पण शर्यतीतून बाहेर नाही पडली, दुकानदार आहे.

माझं म्हणाल तर मला भांड्याची चिंता नव्हती. तुम्हाला खरं सांगते. ओहू छातीच्या दुखण्याने गेले, घरात, चटईवर, नीरफणस कच्चा राहिला अशी तक्रार करता करता. तक्रारही पुरी झाली नाही. (कच्चा नव्हता.) त्याआधी दिवसभर मी त्यांना हाका मारत असे, जेवायला, पाणी आणायला, उगीचच. त्यानंतर तोंड उघडायचं, हाकेचा आकार व्हायचा आणि मी मिटून घ्यायची. रडण्याची सवय होते, त्याचं काही नाही. तोंड मिटण्याची सवय होत नाही. कोंबड्यांना हाका मारून पाहिल्या. कोंबड्या आल्या.

शर्यतीच्या दिवशी मी मडक्यात नारळाच्या सोडणांचा विस्तव धुमसता ठेवला, एक मोठा नारळी खेकडा बांधून घेतला, नीरफणस घेतला आणि ओहूच्या होडीत बसले. सुकाणूला सेफो. पाद्रीबाबांकडे इंजिनाची होडी आणि दोन पुतणे. निमेताकडे तिचा भाऊ (उसन्या होडीत). निघालो तसं पाणी आत येऊ लागलं. मी एका हाताने विस्तव वर धरला, दुसऱ्या हाताने खेकडा, आणि बघते तो काय, भांडं पाण्यावर तरंगलं आणि होडीच्या काठावरून ऐटीत बाहेर निघून गेलं. मी ओरडले, “सेफो, ते! ते गेलं!”

“कोण गेलं?”

“अरे, पाणी काढायचं ते!”

“नाव घेऊ नकोस हां!”

“घेतलं का मी? धर त्याला!”

“कुणाला?”

तोवर ते खूप लांब गेलं होतं. मग खेकडा पायाखाली दाबून मी टोपीने उपसायला लागले. रागाच्या भरात मी तोंड वर करून ओहूलाच हाक मारणार होते, की बघा तुमच्या होडीने काय दशा केली माझी, तेवढ्यात एक लाट आली आणि मी हाकेऐवजी तीच गिळली. सेफोने पाहिलं आणि एका हाताने तोही उपसायला लागला. चांगला माणूस आहे, फक्त बोलतो तेव्हा कळत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाद्रीबाबा कधीचे तिथे उभे होते. पण काड्यापेटी ज्या पुतण्याच्या खिशात होती तो उत्साहाने कमरभर पाण्यात उडी मारून उतरला होता. पाद्रीबाबा आकाशाकडे पाहून विस्तव मागत होते. त्यांच्या ग्रंथात कुणा एकाला तो तसा आकाशातून मिळाला आहे खरा. निमेताने बीफचा डबा उघडून भावाच्या तोंडात कोंबला होता. तावाके आजोबा पंच म्हणून एका दगडावर बसले होते, शेजारी कागद घेऊन पेलसाहेब. आजोबा म्हणाले, भाऊ तुझ्याच घरचा, चालणार नाही. मग तिने डबा पाद्रीबाबांच्या पुढे धरला. आजोबा म्हणाले, रांधलेलं पाहिजे.

“आजोबा, डब्यातलं रांधलेलंच असतं!”

“कुठे रांधलं?”

“कारखान्यात.”

“मग त्या कारखान्याचं नाव ठेव, त्याला हवं असेल तर.”

मी सरळ चुलीला लागले. दगड मांडले, सोडणं फुंकली, खेकडा ठेवला, नीरफणस निखाऱ्यात सरकवला. वन्सं, त्या उघड्या ढिगावर वारा समुद्राकडून येतो आणि पाद्रीबाबा तळ्याकडे उभे होते. खेकड्याची चरबी निखाऱ्यावर पडली आणि त्यांची प्रार्थना थांबली. मी नांगी फोडून पानावर ठेवली आणि म्हटलं, पाद्रीबाबा, घ्या. ते म्हणाले, “मी तुझा प्रतिस्पर्धी आहे, तेआलो.” मी म्हटलं, “खेकड्याला ते माहीत नाही.” त्यांनी पुतण्यांकडे पाहिलं, पुतणे समुद्राकडे पाहू लागले. एक घास घेतला. मग दुसरा कुणी बघत नसल्यासारखा घेतला. आजोबांनी काठी आपटली. “जमीन लागली!” पाद्रीबाबा भरल्या तोंडाने म्हणाले, “सिनाय गेला. पण भाजलाय छान. मीठ आहे का?”

मग आजोबा म्हणाले, नाव सांग. सगळे उभे राहिले. पेलसाहेबांनी पेन्सिल काढली. आणि वन्सं, मला नाव येईना. तोंड उघडलं, आकार झाला आणि सवयीने मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. पाणी चढू लागलं होतं, सगळ्यांचे पाय भिजले. सेफो खालच्या आवाजात म्हणाला, “अगं बोल, नाहीतर नाव द्यायला जमीन उरायची नाही.” मग ते आलं. जेवण गार होतंय, कुठे उलथलात, असं ओरडताना जसं यायचं तसंच आलं. “ओहूऽऽऽ!” पक्षी उडाले. आजोबांच्या हातून काठी पडली. सेफो म्हणाला, “अशी हाक काय मारतेस, नाव दिल्यासारखं म्हण की!” मी म्हटलं, “मला याच सुरात येतं.” मग सगळ्यांनी म्हटलं, एकेकाने, निमेतानेही. तिच्या भावाने तर लगेच होडीत जाऊन ‘ओहू दे, ओहू दे’ असं दोनदा म्हणून पाहिलं, गरज नव्हती तरी. सेफो शेवटी म्हणाला आणि लगेच नाक शिंकरायला दुसऱ्या बाजूला वळला.

पेलसाहेबांनी माझ्यादेखत शाईने लिहिलं. ठिपका इतका बारीक की माशीने बसून केल्यासारखा, पण नाव स्वच्छ अक्षरात. त्यानंतरचे दिवस काय सांगू! ‘ओहू आज अर्धा पाण्यात आहे.’ ‘ओहूला वळसा घालून ये.’ ‘ओहूवर पक्ष्यांनी नुसती घाण करून ठेवलीय.’ ‘हा ओहू नेमका वाटेत कशाला पडलाय?’ वन्सं, हयातीत लोक त्यांच्याबद्दल बोलत असत ते अगदी हेच! शब्दही बदलला नाही. मी ओट्यावर बसून ऐकते. कालपासून मी स्वतः दारात उभी राहून, कुणी नसताना, दोन-तीनदा मारून पाहिली हाक. आता चालतं ना! बेटाला मारली असं म्हणता येतं.

बोट आज-उद्या येईल, साहेबांना आणि या पत्राला घेऊन जाईल. भावोजींना नमस्कार. थंडीत गुडघा उघडा टाकू नका.

आपली भावजय,
तेआलो

ता. क. माझं रांधायचं मडकं शर्यतीत तडकलं. तिकडे एनॅमलचं झाकणवालं पातेलं मिळालं तर पाठवा. घाई नाही.

ता. क. दुसरा. बोट आली, पण समुद्र खवळल्यामुळे बांधाबाहेरच उभी राहिली आणि पत्र माझ्याकडेच राहिलं. आज सकाळी लाटा उतरल्या. वाटेच्या तोंडाशी काही नाही. ढीग होता तिथे हिरवं पाणी आहे, आणि होड्या सरळ आत येताहेत. साहेब बिचारे माझ्याकडे आले. त्यांना वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, शाईने लिहिलेलं मी खोडणार नाही, पण नियमाप्रमाणे नावाच्या शेजारी एक शेरा लिहावा लागेल. मी विचारलं, काय? ते म्हणाले, ‘अस्तित्व शंकास्पद.’ मी म्हटलं, लिहा, जेवणाची वेळ सोडली तर मीही हेच म्हणायची. ते हसावं की नाही अशा विचारात पडले. पण तावाके आजोबांनी निकाल दिला की कागद म्हणजे जमीन नव्हे. जमीन गेली, नाव झोपलं. सगळ्यांनी मान हलवली. निमेता माझ्या घरी आली आणि जाताना बीफचा एक डबा ठेवून गेली. मघाशी वाटेत कुणाची तरी होडी पाण्याने भरत होती, तर ओरडणं ऐकू आलं, ‘अरे ते, ते, लाकडाचं!’ ऐकलं आणि मी घरात आले.

ता. क. तिसरा. आता खरं सांगते. तुमच्या लेकीला दिवस गेल्याचं मला निमेताच्या दुकानातल्या बोलायच्या रेडिओवरून कधीच कळलं होतं. वर तुमचा गुडघा विचारला, भावोजींना नमस्कार लिहिला आणि तिची विचारपूस केली नाही ती मुद्दाम. तिचं नाव काढलं असतं तर त्याच ओळीत मागितलं असतं, आणि पहिल्या बाळंतपणाच्या पोरीकडे मेलेल्या मामाचं नाव मागू नये एवढं मला कळतं. म्हणून जमिनीच्या मागे लागले होते. ती टिकली असती तर हा कागद इथेच संपला असता. पण टिकली नाही, तेव्हा मागते. जावई कुणा चेंडू खेळणाऱ्याचं नाव ठेवणार आहेत असं ऐकलं. त्यांना सांगा, तो खेळाडू जिवंत आहे, त्याचं नाव त्याच्याकडे आहे. मुलगी झाली तरी आपलं नाव चालतं, आजोबांना विचारून घेतलं आहे. लाकडी भांडं काही मुलगा नसतं. आणि अगदीच नको म्हणाले तर रागावू नका, भांडू नका. भावोजी होडी घेणार होते, तिला द्या. होडीही नसेल तर कुत्रा आणा. कुत्र्यात नाव उठतं असं कुठे सांगितलेलं नाही, पण उठत नाही असंही नाही, आणि ह्यांना चाललं असतं.

ता. क. चौथा. वरच्या पत्रात मी ते नाव जागोजागी लिहिलं आहे. तेव्हा ते जागं होतं. आता खोडायला हवं, पण शाई थोडी आहे आणि मन तर त्याहून थोडं आहे. म्हणून तसंच पाठवते आहे. तूर्त मनात वाचा, ओठ हलू देऊ नका. बारशाच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवा आणि मोठ्याने वाचा.